चूक कुणाची, हे यंत्र सांगत नाही

मी सव्वीस वर्षे उज्जैनमधल्या मुलींच्या एका शाळेत आधी गणित आणि नंतर संगणक हे विषय शिकवले. उत्तरपत्रिका तपासण्याचा माझा एक नियम होता. उत्तर चुकले म्हणून पानावर नुसती लाल फुली मारायची नाही. मांडणी कोणत्या पायरीवर घसरली तिथे गोल करायचा आणि समासात कारण लिहायचे. यात वेळ जाई, मुख्याध्यापिकांची बोलणी बसत, पण तो नियम मी मोडला नाही. नुसत्या फुलीने मुलीला काही कळत नाही. तिला एवढेच वाटते की आपल्याला डोके नाही.

निवृत्तीनंतर गेली बारा वर्षे मी लोकांचे अडलेले संगणक उघडून देण्याचे जे काम करते आहे, त्यात माझी रोजची गाठ नुसती फुली मारणाऱ्या यंत्राशी पडते. 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे', एवढेच ते म्हणते. नाव चुकले की पासवर्ड, हे सांगत नाही. दोन्ही बरोबर असून तिसरेच काही बिघडले असेल, तरी पुष्कळदा वाक्य हेच. त्या एका 'किंवा'चा उलगडा करण्यासाठी मी माधव नगरपासून भैरवगढपर्यंतची घरे पालथी घातली आहेत. जाणकार मला समजावतात की हे मुद्दाम केलेले असते. नाव बरोबर आहे एवढे जरी कळले, तरी चोराचे अर्धे काम होते. कारण मला मान्य आहे. पण बारा वर्षांत मला चोर एकही भेटला नाही. भेटली ती सगळी आपल्याच घराच्या दाराबाहेर उभी असलेली माणसे, आणि त्यांतल्या बहुतेकांना कुणीतरी मूर्ख ठरवून झालेले होते.

वाचकांपैकी ज्यांचा या कामाशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. तुमचा संगणक उज्जैनच्या घरात चालू आहे आणि तुम्ही इंदूरला आहात. तिथल्या लॅपटॉपवरून घरचा संगणक उघडता येतो. त्याचा पडदा तुमच्यासमोर येतो आणि तुम्ही घरी बसल्यासारखे काम करू शकता. त्यासाठी घरचे यंत्र जागे हवे, त्याचा पत्ता ठाऊक हवा, त्यावरच्या कोणत्या खात्यात शिरायचे आहे ते हवे आणि त्या खात्याचा पासवर्ड हवा. आता खरी मेख. घरी संगणकासमोर बसून आपण रोज चार आकडे दाबतो आणि तो उघडतो. त्या चार आकड्यांना पिन म्हणतात. लोक त्यालाच पासवर्ड समजतात. पिन ही घराच्या आतल्या कडीसारखी असते. ती फक्त त्या यंत्राला, त्याच्यासमोर बसूनच चालते. दुरून यायचे तर पूर्ण पासवर्ड लागतो, आणि तो कित्येकांनी पाच पाच वर्षांत एकदाही टंकलेला नसतो.

भैरवगढला कापडावर ठशांची छपाई करणारे सलीमभाई म्हणून माझे एक ग्राहक आहेत. त्यांच्या वडिलांच्या वेळच्या शेकडो ठशांची छायाचित्रे त्यांच्या मुलीने घरच्या संगणकात नीट नावे देऊन साठवली आहेत. सलीमभाई दिल्लीला एका प्रदर्शनात दुकान मांडून बसले होते आणि एका मोठ्या गिऱ्हाइकाला जुन्या नक्षीच्या बुट्ट्या पाहायच्या होत्या. संगणक काही उघडेना. मला फोन आला. मी विचारले, "पासवर्ड क्या डाल रहे हैं?"

"पासवर्ड तो है ही नहीं, मैडमजी. अपने घर में ताला कौन लगाता है?"

ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्यात दुरून शिरू द्यायचे नाही, असा यंत्राचा नियम असतो आणि तो योग्य आहे. मी तो सांगितला. सलीमभाई दुखावले.

"मतलब मेरी मशीन मुझी को चोर समझ रही है?"

"मशीन आपको देख नहीं सकती, सलीमभाई. आप बोल रहे हैं या कोई और, उसे क्या मालूम?"

"तो मेरी बेगम से पूछ ले! वो तो सामने बैठी है."

शेवटी त्यांच्या बेगमना फोनवर एक एक पायरी सांगून मी पासवर्ड ठेवून घेतला. तो मला त्यांनी सांगितला नाही, आणि ते बरोबरच केले. पण नवऱ्यालाही सांगेनात. "पहले ये बताओ, तुम्हारे पास कौन खड़ा है?" असे त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. दुकानात गिऱ्हाईक उभे, शेजारचे दोन दुकानदार कान देऊन. सलीमभाई भरल्या दुकानातून बाहेर रस्त्यावर गेले, तेव्हा कुठे बाईंनी तो सांगितला. माझ्या सगळ्या ग्राहकांत सुरक्षिततेचा धडा पहिल्या दिवशी पूर्ण कळलेली ती एकटीच बाई. त्या कधी शाळेत गेलेल्या नाहीत.

याउलट देवास गेटजवळ राहणारे एक सुशिक्षित अधिकारी. त्यांनी कार्यालयातून घरच्या संगणकाचा पासवर्ड इतक्या वेळा चुकवला की यंत्राने ते खातेच काही वेळ बंद केले. असे झाले की त्या अवधीत बरोबर पासवर्ड टाकूनही उपयोग नसतो, आणि माणूस अधिकच गोंधळतो. मी विचारले, किती वेळा टाकलात? म्हणाले, "एकदाच. जास्तीत जास्त दोनदा." यंत्रात नोंद असते. मी ती पाहिली आणि गप्प राहिले. खिडकीची काच फुटल्यावर अख्खा वर्ग जे निरागस तोंड करतो, ते पन्नाशीच्या माणसाला करताना पाहून मला रागही आला नाही.

राग आला तो कुमुदताईंच्या वेळी. तो अजून उतरलेला नाही, आणि हा लेख मी मुख्यतः त्यासाठी लिहिते आहे.

कुमुदताई माझ्या मधुरा नावाच्या विद्यार्थिनीच्या आई. वय बाहत्तर. यजमान रेल्वेत होते, ते जाऊन नऊ वर्षे झाली. माधव नगरच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहत. त्यांच्या सासरचे मूळ पुरुष दरबारात लेखनकामाला होते, आणि त्या घरात मोडी लिपी शेवटपर्यंत टिकली; कुमुदताई ती सासऱ्यांकडून शिकल्या. एक संशोधन संस्था त्यांच्याकडे जुन्या मोडी कागदांची छायाचित्रे पाठवते आणि त्या ती वाचून देवनागरीत टंकून देतात. पडद्यावर डावीकडे कागद, उजवीकडे त्यांचा मजकूर. एखादे अक्षर लागले नाही तर तिथे जागा मोकळी सोडून तळटीप देतात. अंदाजाने शब्द भरत नाहीत. छायाचित्रे त्या एका संगणकाबाहेर जाऊ द्यायची नाहीत अशी संस्थेची अट आहे; म्हणून इंदूरला लेकीकडे गेल्या की तिथल्या लॅपटॉपवरून घरचा संगणक उघडून काम करायचे, ही व्यवस्था मीच त्यांना लावून दिली होती. कित्येक वर्षे ती बिनबोभाट चालली.

नवरात्राच्या आधी जिन्याची पायरी चुकून त्यांच्या घोट्याचे हाड मोडले आणि मधुरा त्यांना इंदूरला घेऊन गेली. चार दिवसांनी तिचा फोन.

"बाई, आईचं ते दुरून उघडायचं कॉम्प्युटर आहे ना, ते खुलतच नाहीये. ती तर म्हणते पासवर्ड बिलकुल बरोबर आहे. पण बाई, खरं सांगू का? आजकाल तिचं विसरणं फार वाढलंय."

मी फोन कुमुदताईंना द्यायला सांगितला.

"बाई, माझा पासवर्ड मला पाठ आहे," त्या म्हणाल्या. "होळीला याच घरातून, याच टेबलावरून मी काम केलं होतं."

यावर मी जे बोलले, ते मला इथे लिहिलेच पाहिजे. मी म्हणाले, "कुमुदताई, शांतपणे आठवून बघा. एखादं अक्षर राहत असेल."

"बघते," त्या म्हणाल्या आणि फोन लेकीकडे दिला. लाल फुली मी मारली होती. गोल कुठेच केला नव्हता.

दहा दिवसांनी मधुराचा पुन्हा फोन आला. या वेळी तिचा आवाज ठरवून बोलण्याचा होता.

"बाई, तुम्ही आता त्या कॉम्प्युटरचं टेन्शन नका घेऊ. आम्ही तो फ्लॅट किरायाने देऊन टाकतोय. एक किरायेदार बघूनही गेला. आईला आता आम्ही इकडेच ठेवणार."

"पाय बरा झाल्यावरही?"

"पायाचं नाही हो, बाई. दिमागाचं. जो पासवर्ड ती दहा वर्षं टाकत होती, तो तिला आता आठवत नाही. उद्या गॅस चालू ठेवून विसरली म्हणजे? अनिरुद्ध पण हेच म्हणतात. माझ्या सासूबाई पण हेच म्हणतात."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टरला काय दाखवायचं त्यात? समोर दिसतंय ना."

एका बाईचे घर जाणार होते, आणि पुरावा काय, तर पडद्यावरचे एक वाक्य. तेही असे वाक्य, जे निदान पाच वेगवेगळ्या कारणांनी उमटू शकते आणि ज्याचा अर्थ तपासण्याची तसदी कुणी घेतली नव्हती. मी तर नाहीच. मधुराला मी नववीत सिद्धता शिकवली होती. दिलेले काय, साध्य काय, आणि मध्ये कोणतीही पायरी गाळायची नाही. त्या मुलीने आईच्या बाबतीत थेट शेवटची ओळ लिहून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी माधव नगरला गेले. किल्ली समोरच्या दुबे भाभींकडे असते. त्या स्वतः दार उघडून माझ्यासोबत आत आल्या आणि पदराने खुर्ची पुसत म्हणाल्या, "किरायेदार आया था, बेनजी. रसोई में घुसकर बोला, ये अलमारी तुड़वानी पड़ेगी. मेरा तो खून जल गया."

संगणक झोपी गेलेला नव्हता. मी इंदूरला फोन लावला. मधुराने तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. चहाची वेळ होती आणि दिवाणखान्यात ती, कुमुदताई, जावई अनिरुद्धराव आणि त्यांच्या आई अशी सगळी मंडळी बसली होती. मी कुमुदताईंना पिन विचारली. त्यांनी चार आकडे एका श्वासात सांगितले. दाबले. संगणक पहिल्या झटक्यात उघडला.

"पाहा, बरोबर आहे," मी म्हणाले.

"चारच आकडे तर आहेत, बाई," मधुरा म्हणाली. "ते तर पोपटालाही येतील."

कुणीतरी हसले. वर्गात असताना अशा वेळी मी फळ्याकडे वळत असे. इथे पडद्याकडे वळले आणि एकेक गोष्ट तपासत गेले. यंत्राचे नाव बदललेले नव्हते. दुरून येण्याची परवानगी चालू होती. खाते कुमुदताईंचेच आणि त्या परवानगीत त्यांचे नाव होते. चुकीच्या प्रयत्नांमुळे खाते बंद झालेले असावे, तर तसेही नव्हते. उरला पासवर्ड. पासवर्ड काय आहे हे यंत्र कुणालाही दाखवत नाही. पण एका ओळीची आज्ञा टंकली, तर तो शेवटचा कधी बदलला गेला, तो दिवस आणि वेळ दाखवते. बारा वर्षांत माझ्या एकाही ग्राहकाने मला ती नोंद पाहायला सांगितलेली नाही. सगळ्यांना आधीच माहीत असते की म्हातारे माणूस विसरले.

मी आज्ञा दिली. पासवर्ड होळीनंतर बदललेला होता. याच यंत्रावरून, त्या उन्हाळ्यात एका गुरुवारी, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी.

भिंतीवर कुमुदताईंचे पंचांग टांगलेले होते. दुधापासून संस्थेच्या कागदांपर्यंत सारे त्या त्यात बारीक अक्षरांत लिहून ठेवतात. मी पाने मागे उलटली. तो अधिक महिना होता. त्या गुरुवारच्या चौकटीत लिहिले होते: 'मधुरा, अनिरुद्धराव जेवायला. वाण. अनारसे ३३.'

अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून जावयाला तेहतीस अनारशांचे वाण द्यायचे, त्याला त्या दिवशी साक्षात नारायण मानायचे, ही आपल्याकडची रीत परमुलखातल्या मराठी घरांनी अधिकच जपलेली आहे. त्या दिवशी जावई जे करतील ते गोड मानून घ्यायचे असते.

मी फोनवर म्हणाले, "कुमुदताई, पासवर्ड अधिक महिन्यातल्या त्या गुरुवारी बदललेला दिसतो. दुपारी बाराच्या पुढे. त्या वेळी संगणकावर कोण बसलं होतं?"

मग कुमुदताईंचा आवाज आला, अगदी सपाट.

"मीच बदलला असेन, बाई."

"कशासाठी?"

"असाच."

"नवा काय ठेवलात?"

"विसरले."

दोन आठवडे जी बाई सगळ्या घराविरुद्ध 'मी विसरलेली नाही' म्हणत होती, तिने हा शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारला. तेवढ्यात दुबे भाभी माझ्या खांद्यामागून पंचांगात डोकावल्या आणि हळू बोलायचे म्हणून जेवढ्या मोठ्याने बोलता येते तेवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "अरे, उस दिन तो कुमुद भाभी कढ़ाई के सामने से हिली नहीं थीं! मैं खुद थाली लौटाने आई थी. यहाँ तो दामादजी बैठे थे. इसी कुर्सी पे. मुझे बोले, मम्मीजी का कम्प्यूटर टाइट कर रहा हूँ."

मी हाताने फोन झाकला होता. इंदूरला काहीही ऐकू गेले नव्हते. बोलायचे की नाही, हे अजून माझ्या हातात होते. कुमुदताईंनी उत्तर दिले होते. ते खोटे आहे हे त्यांना आणि मला कळत होते, आणि ते खोटे ठेवण्याचा त्यांना हक्क होता असे कुणी म्हणू शकेल. मी हात काढला.

"अनिरुद्धराव," मी म्हणाले, "त्या दिवशी बारा चाळीसला कुमुदताई अनारसे तळत होत्या. या खुर्चीवर तुम्ही होता. कृपा करून तुमच्या फोनमध्ये बघा, काही लिहून ठेवलं आहे का."

"अगं बाई!" हा त्यांच्या आईंचा आवाज.

"आईच्या कॉम्प्युटरवर अनिरुद्ध कशाला..." मधुरा बोलू लागली आणि थांबली.

मग फोनवर बोटे फिरवल्याचा बारीक आवाज आणि त्यापाठोपाठ हसणे. मोकळे, मनापासूनचे हसणे. "अरे हाँ! सॉरी सॉरी. मी तर साफ विसरलोच! जुना फार सोपा होता ना, मम्मी, म्हणून बदलला होता. तुम्ही तर पिनच टाकता, म्हणून म्हटलं तुम्हाला काय फरक पडतो. हे बघा, माझ्याकडे लिहिलेला आहे."

आणि सगळे हसले. मधुरा हसली, तिच्या सासूबाई हसल्या, "हा असाच आहे लहानपणापासून, वेंधळा" असे कौतुकाने म्हणाल्याही. अनिरुद्धरावांनी पासवर्ड टाकला, माधव नगरचा पडदा इंदूरला दिसू लागला, आणि काम झाले असे मानून चहाचे कप उचलल्याचा आवाज आला.

मी मात्र हसले नाही. बेचाळीस वर्षांचा माणूस दुसऱ्याच्या संगणकाचा पासवर्ड बदलतो, ज्याचा त्याला तो सांगत नाही, चार महिन्यांत स्वतः विसरतो, त्या विसरण्यापायी सासूचे घर भाड्याने द्यायला काढतो, आणि कळल्यावर तो वेंधळा ठरतो. बाहत्तर वर्षांची बाई काहीच विसरलेली नसते, तर तिच्या डोक्याचा निकाल लागतो. एकाच शब्दाचे हे दोन दर मी त्या दिवाणखान्यात उभे राहून विचारायला हवे होते. मी फोनवर होते, म्हणून फक्त एवढेच विचारले, "मधुरा, किरायेदाराला आता काय सांगणार?"

"बघू, बाई," ती म्हणाली. ती हसत नव्हती.

दोन दिवसांनी दुपारी कुमुदताईंचा फोन आला. मला वाटले, आभार मानायला केला असेल. माणसाला असे वाटतेच.

"बाई, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांनी अर्धा तास त्या खुर्चीवर काहीतरी केलं होतं, एवढं मला आठवत होतं. माझा पासवर्ड बरोबर आहे आणि चालत नाही, म्हणजे दुसरं काय असणार?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत? घर जात होतं तुमचं!"

"जावयाला विहीणबाईंसमोर विचारू? तुम्ही माझा पासवर्ड बदललात का म्हणून?"

"हो! विचारायचं! त्यात काय पाप आहे?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"कुमुदताई, तुम्ही सगळ्यांसमोर विसरले म्हणालात. तुम्ही! जी बाई एक अक्षर लागलं नाही तर जागा मोकळी सोडते, तिने हे असं भरून टाकलं?"

त्या म्हणाल्या, "खरं सांगायला तुम्हाला एक मिनिट लागलं, बाई. तुम्ही फोन ठेवून घरी गेलात. मला या घरात अजून सहा आठवडे राहायचंय. कालपासून विहीणबाई माझ्याशी 'आपण' म्हणून बोलतात. मधुरा जेवताना खाली बघते. माझं कमोडचं भांडं उचलणारी तीच आहे."

आजही माझे मत तेच आहे, की मी बोलले ते योग्य होते आणि नसते बोलले तर भाड्याच्या करारावर सही झाली असती. पण खऱ्या उत्तराची किंमत ज्याला चुकवायची असते, त्याला आधी विचारायचे असते, ही पायरी मी गाळली होती. नववीच्या मुलीचा मी यासाठी अर्धा गुण कापला असता.

फ्लॅट भाड्याने गेला नाही. किरायेदाराला काय सांगितले ते मला कुणी कळवले नाही. कुमुदताई रोज दोन तास इंदूरहून काम करत असत, हे मात्र मला ठाऊक होते, कारण संस्थेच्या कागदातली एखादी आकडेमोड जुळेनाशी झाली की त्या मला फोन करून विचारत. बोलणे तेवढ्यापुरतेच असे. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले आणि एका रविवारी त्या परत आल्या. मला निरोप होता की येऊन एकदा संगणक पाहून जावा.

मी पोचले तेव्हा अनिरुद्धराव त्यांची दुसरी पिशवी वर आणत होते. गाडी स्वतः चालवत त्यांनी कुमुदताईंना आणले होते. मधुरा आली नव्हती. कुमुदताई काठी भिंतीला टेकवून संगणकासमोर बसल्या, पिन दाबली आणि चष्मा पुसला. अनिरुद्धराव मागे येऊन उभे राहिले. त्यांचा हेतू चांगला होता. तो त्या दिवशीही चांगलाच असावा.

"मम्मी, आता नवा पासवर्ड ठेवून देऊ का? जरा मजबूत. या वेळी तुम्हाला लिहून देतो."

कुमुदताई वळल्या. जावयाशी बोलताना जो पदर त्या सावरतात, तो त्यांनी सावरला. आवाज अगदी आदबीचा होता.

"तुम्ही चहा घ्या, अनिरुद्धराव. दुबे भाभींनी ठेवला आहे. हे मी बघते."

ते जागचे हलेनात. मी एक खुर्ची ओढून कुमुदताईंच्या शेजारी बसायला गेले, कारण पासवर्ड बदलण्याच्या पायऱ्या कुठे आहेत ते दाखवायचे, तर मलाच दाखवावे लागणार होते.

"तुम्हीसुद्धा, बाई," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघे बाहेर येऊन बसलो. दुबे भाभींनी चहा दिला. आतून टंकण्याचा आवाज येत होता, सावकाश, एकेक अक्षर, आणि मग तेच पुन्हा एकदा, पहिल्यापासून. अनिरुद्धरावांनी माझ्याकडे पाहिले. मी कपाकडे पाहिले. बराच वेळ आम्हाला आत कुणी बोलावले नाही.